लूमिसबाईंचं मीठ

हॅरो हिल गोल्फ क्लबने छापलेला स्वतःचा इतिहास आमच्या गावच्या वाचनालयात आहे. जाड कागद, सोनेरी कडा. पहिल्याच पानावर लिहिलंय की १८९३च्या मे महिन्यात वॉल्टर इम्री नावाचा स्कॉटिश जाणकार एका दुपारी नऊ खुंट्या घेऊन टेकडीवर चढला आणि संध्याकाळी मोकळ्या हातांनी खाली उतरला. चेंडू घालायचे होल कुठे असावेत हे त्याला ‘जमिनीनेच सांगितलं’. वाक्य छान आहे. पण आमच्या मॅसॅच्युसेट्सच्या डोंगरांतली जमीन कुणाशी बोलत नाही, ती दर वसंतात नुसते दगड वर काढते. बोलली होती ती थँकफुल लूमिस, आणि तीही तोंडाने नाही.

थँकफुल तेव्हा एकसष्ट वर्षांची होती. नवरा एसा जाऊन सात वर्षं झाली होती, मुलगा नेब्रास्कात गहू पेरायला गेला होता. तिच्यापाशी उरली ती टेकडी, टेकडीखालचं घर आणि एक्केचाळीस मेंढ्या. गाव तिला थँकफुलआत्या म्हणायचं. मुलीच्या अंगी कृतज्ञता यावी म्हणून आईबापांनी हे नाव ठेवलं असेल, पण अंगी आली ती जीभ. समोर पाद्री असो की पोस्टमास्तर, आत्या मनातलं बोलून मोकळी व्हायची. एकच गोष्ट तिने चार वर्षं पोटात ठेवली, आणि तीच ही.

उन्हाळ्यात न्यूयॉर्क-बॉस्टनचे बडे लोक आमच्या डोंगरात हवा खायला येतात. हवा खाऊन पोट भरलं की त्यांना करमेनासं होतं. अशाच वीसेक जणांनी गोल्फसाठी थँकफुलची टेकडी भाडेपट्ट्याने घेतली. पट्ट्यात तिने एक अट घालून घेतली होती: मेंढ्या पूर्वीसारख्याच टेकडीवर चरतील. त्यापुढे क्लबच्या वकिलाने हळूच शेपूट जोडलं, ‘खेळाला अडथळा होत नाही तोवर’. तेव्हा त्या शेपटाकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. मेंढ्यांना कुरण मिळत होतं, क्लबला फुकटात गवत कापून मिळत होतं. घरामागे तिचं स्वतःचं असं जे शेत उरलं होतं ते अर्धं दलदलीचं, त्यावर दहा मेंढ्याही जगल्या नसत्या. टेकडी आहे तोवर कळप आहे, आणि कळप आहे तोवर सकाळी उठून बूट चढवायला कारण आहे, हे ती जाणून होती. त्या मेंढ्यांच्या पणज्यांनासुद्धा ती नावाने ओळखायची.

आता मिठाचं. आमच्यापासून समुद्र लांब, गवताला खारटपणा नाही, म्हणून मेंढ्यांना आठवड्यातून एकदा मीठ घालावं लागतं. बहुतेक लोक एखाद्या सपाट दगडावर मीठ ओततात आणि घरी जाऊन न्याहारी करतात. थँकफुलच्या सासूची रीत निराळी होती. शनिवारी सकाळी, दव असतानाच, पिशवी कमरेला बांधून निघायचं आणि जिथलं गवत खाऊन हवं असेल तिथे मूठमूठ मीठ फेकत जायचं. मीठ लागलेलं गवत कितीही जाडंभरडं असो, मेंढी ते मुळापर्यंत कुरतडते. ‘मेंढीला हाकू नये गं, तिच्या जिभेला हाकावं,’ असं सासू सांगायची. थँकफुल तीस वर्षं तेच करत आली होती. कातळ चुकवायचा, पाणथळ चुकवायची, दगडी कुंपणाच्या खिंडारातून पलीकडे जायचं, आणि गुडघे कुरकुरायला लागले की असेल तिथे बसायचं. बसल्या बसल्या हात रिकामा कशाला, म्हणून आजूबाजूला आणखी दहा-बारा मुठी टाकायच्या. तिच्या अशा दम खायच्या जागा नऊ होत्या.

इम्री आला स्कॉटलंडातल्या फाइफच्या किनाऱ्यावरून. त्याच्या गावी समुद्राचा खारा वारा सगळ्या गवतावर सारखाच बसतो, मेंढ्या सगळीकडे सारख्याच चरतात, आणि मेंढीला कुणी मीठ घालतं हे त्याच्या बापाने ऐकलं नव्हतं नि आज्याने ऐकलं नव्हतं. त्याने हॅरो हिलवर पाहिलं तर उंच गवतातून आखूड गवताचे पट्टे वळणं घेत चाललेले, आणि मध्ये मध्ये गोल, मऊ, सतरंजी अंथरावी तशा जागा. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. देवाने हातात पेन्सिल घेऊन गोल्फचं मैदान आखलंय, असं त्याला वाटलं. मग त्याने खुंट्या ठोकायला सुरुवात केली.

थँकफुल त्या वेळी अंगणात कपडे वाळत घालत होती. पहिली खुंटी बरोब्बर तिच्या पहिल्या बसायच्या जागेवर पडली तेव्हा तिला नवल वाटलं. चौथी पडली तेव्हा हसू यायला लागलं. नववीला तिला चादर तोंडात कोंबावी लागली.

तेव्हापासून चार वर्षं इम्री मैदानाची देखभाल करत होता. पंचेचाळिशीचा, तांबड्या मिशांचा, एकटा माणूस. होलभोवतीची हिरवळ तो स्वतः हातयंत्राने कापायचा आणि कुणी तिच्यावरून टाचा घासत गेलं तर त्याच्या काळजात चर्र व्हायचं. थँकफुल दर शनिवारी पिशवी घेऊन फिरते हे त्याला माहीत होतं, पण बाई मेंढ्यांना काही खाऊ घालत असतील, एवढाच त्याचा समज. दोघांचं रोज कशावरून तरी वाजायचं, आणि एखाद्या दिवशी नाही वाजलं तर दोघांनाही जेवण गोड लागायचं नाही.

सत्त्याण्णव साली क्लबचं नशीब फळफळलं. पूर्वेकडच्या राज्यांची खुली अजिंक्यपद स्पर्धा सप्टेंबरात हॅरो हिलवर व्हायची ठरली. क्लबचे चिटणीस मिस्टर लँग्डन थेअर त्या दिवसापासून जमिनीपासून चार बोटं वर चालायला लागले. स्पर्धेला दोन आठवडे उरले असताना ते थँकफुलच्या दारात येऊन उभे राहिले.

‘मिसेस लूमिस, कृपा करून गैरसमज करून घेऊ नका.’

‘म्हणजे काहीतरी काढून घ्यायला आलाय,’ थँकफुल म्हणाली. ‘बोला.’

‘शिकागोहून पाहुणे येताहेत. बायका येताहेत, पांढऱ्या घोळदार झग्यांतल्या. आणि आपल्या मेंढ्या… म्हणजे त्या जे मागे ठेवून जातात ते…’

‘लेंड्या.’

थेअरसाहेब खाकरले. ‘तर स्पर्धा संपेपर्यंत मेंढ्या गोठ्यात राहू देत. आम्ही घोड्याने ओढायचं गवतकापणी यंत्र मागवलंय. अगदी नवं.’

‘आणि स्पर्धा झाल्यावर?’

‘यंत्र चांगलं चाललं तर मग… खरं सांगायचं तर वसंतापासून मेंढ्यांची गरजच उरणार नाही. पट्ट्यातली ती ओळ तुमच्या लक्षात असेलच. अडथळ्याची.’

थँकफुलने दार लावून घेतलं. मग ती गोठ्यात गेली आणि बराच वेळ मेंढ्यांच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली. 

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या खोऱ्यातला रूफस स्टेबिन्स आला. त्याचा कळप दोनशेचा, आणि थँकफुलच्या मेंढ्यांच्या लोकरीवर त्याचा वीस वर्षं डोळा. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. आमच्याकडे बातमी घोड्यापेक्षा जोरात पळते.

‘आत्या, कळप काढायची वेळ आलीच तर आधी मला सांग,’ तो म्हणाला. ‘खाटकाकडे जाऊ देणार नाही मी. तेवढं वचन देतो.’

‘गिधाडं निदान मरायची तरी वाट बघतात, रूफस.’

‘मी चहा प्यायला आलो होतो.’

‘चहा संपलाय,’ थँकफुल म्हणाली आणि किटली चुलीवर ठेवली.

यंत्र आलं. घोड्याच्या टापांनी गवतात खड्डे पडू नयेत म्हणून त्याच्या चारी पायांत चामड्याचे मोठे बूट होते. ते बघायला अर्धं गाव जमलं. सपाट जागी यंत्र ऐटीत चाललं, थेअरसाहेबांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग चढ आला. बुटांतला घोडा ओल्या उतारावर घसरला आणि रागावून बसला. त्याला उठवलं, तर तिसऱ्या होलपाशी पातं गवतात लपलेल्या कातळावर आपटून त्याचे दोन तुकडे झाले. नवं पातं कारखान्यातून यायला दोन आठवडे लागणार होते. त्यात पाऊस लागला तो सलग चार दिवस. सप्टेंबरातल्या कोवळ्या पावसाने आमच्याकडचं गवत वेड्यासारखं वाढतं. गोठ्यात कोंडलेल्या मेंढ्या कोरडं वाळलेलं गवत चघळत होत्या आणि टेकडी हिरवीगार लोळत होती.

सोमवारी सरावाला खेळाडू उतरले. पहिलाच चेंडू सुरेख गेला, पडला, आणि नाहीसा झाला. शोधायला पाच मिनिटं असतात. शिकागोच्या एका गृहस्थांना पाच मिनिटांत दुसऱ्याच लोकांचे तीन चेंडू सापडले, एक कासव सापडलं, स्वतःचा चेंडू काही सापडला नाही. दुपारपर्यंत सगळे ओल्या पायांनी क्लबच्या व्हरांड्यात बसून होते. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष जज्ज पेल्टन म्हणून होते, शांत, जाडजूड माणूस. त्यांनी थेअरसाहेबांना सांगितलं की गुरुवारी सकाळी मैदान असंच असेल, तर आपण सगळे आगगाडीत बसू आणि किनाऱ्यावरच्या एखाद्या क्लबात जाऊन खेळू.

हे सगळं थँकफुलला तासाभरात कळलं. तिला आनंद झाला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल.

दुपारी इम्री तिच्या स्वयंपाकघराच्या दारात आला. टोपी हातात, मिशा भिजलेल्या. थँकफुल ‘ॲपल पाय’साठी सफरचंदं सोलत होती.

‘पाय पुसून या,’ ती म्हणाली.

‘बाई, मेंढ्या पाहिजेत.’

‘का हो? घोड्याचे बूट चावतात की काय?’

‘टोमणे नंतर मारा, पोटभर मारा, मी बसून ऐकेन. आत्ता मेंढ्या सोडा. साहेबांनी हो म्हटलंय. गुरुवारपर्यंत गवत खाली आलं नाही तर सगळं संपलं. चार वर्षं मी या टेकडीला पोरीसारखं वाढवलंय.’

थँकफुलने सुरी खाली ठेवली. ‘मेंढ्या सोडते. पण नुसत्या सोडून काही होणार नाही. दहा दिवस कोंडलेल्या आहेत. सोडल्या की पायथ्याशी कोवळं गवत उगवलंय तिथे जाऊन पडतील, वर ढुंकून बघायच्या नाहीत.’

‘असं कसं? आजवर तर नेमक्या खेळाच्या पट्ट्यावरच चरायच्या. त्यांना ती वाटच आवडते. मी स्वतः बघितलंय.’

‘ती वाट त्यांना आवडत नाही, इम्री. मीठ आवडतं.’

मग तिने त्याला सांगितलं. पिशवी दाखवली, सासूची रीत सांगितली, कातळ चुकवायचा, पाणथळ चुकवायची. इम्री ऐकत होता आणि त्याच्या हातातली टोपी हळूहळू गोल फिरत होती.

‘आणि होलच्या जागा?’ त्याने विचारलं. ‘त्या गोल, मऊ जागा?’

‘तिथे मी दम खायला बसते.’

‘नऊच्या नऊ?’

‘गुडघे जुने झालेत हो.’

मग इम्रीने अगदी हळू आवाजात विचारलं, ‘पाचवा?’

पाचवा होल म्हणजे त्याचा जीव की प्राण. मेपलच्या झाडाला वळसा घालून डावीकडे जाणारा तो पट्टा बघायला लोक फिलाडेल्फियाहून आले होते.

‘पाचव्याला मी डावीकडे वळते,’ थँकफुल म्हणाली, ‘कारण उजवीकडे गांधीलमाश्यांचं पोळं होतं. आता नाहीये. पण सवय लागली.’

‘मी चार वर्षं लोकांना सांगतोय,’ इम्री म्हणाला, ‘की तो डावा वळसा घालायची अक्कल माणसात नसते, ती फक्त निसर्गात असते.’

हे ऐकून थँकफुलला हसायला हवं होतं. चार वर्षं ती याच क्षणाची वाट बघत होती म्हणा ना. पण त्याचा उतरलेला चेहरा बघून तिला वाईट वाटलं, मनापासून वाटलं. तिने कालच्या ॲपल पायचा मोठा तुकडा कापला, त्यावर चीजचा काप ठेवला आणि ताटली त्याच्यापुढे सरकवली.

‘पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?’ त्याने विचारलं.

‘सांगणार होते. पण त्या दुपारी तुम्ही टेकडीकडे असे बघत होता… माझ्या टेकडीकडे तसं कुणी कधी बघितलं नव्हतं. एसानेसुद्धा नाही. तो दगड मोजायचा. मला वाटलं, बघू दे याला.’

इम्री तो तुकडा खायला लागला. अर्धा खाऊन झाल्यावर त्याचे खांदे हलायला लागले. थँकफुलला वाटलं रडतोय की काय. तो हसत होता, आणि हसता हसता त्याला ठसका लागला.

‘गांधीलमाश्या,’ तो म्हणाला. ‘बाई, हे मेलो तरी कुणाला सांगायचं नाही.’

‘मला काय करायचंय श्रेय घेऊन. श्रेय चरायला कामाचं नाही. मला टेकडी पाहिजे.’

अडचण अशी की एक्केचाळीस मेंढ्यांनी तीन दिवसांत ते रान खाली आणणं शक्य नव्हतं. पण आमच्याकडे कुणाचं काम अडलं की सगळं गाव इर्जिकीला जातं. कुणाचं कोठार उभारायचं असो, कुणाचा मका सोलायचा असो, बोलावलं की यायचं, काम करायचं, जेवायचं आणि घरी जायचं. मेंढ्यांची इर्जिक मात्र आजवर कुणी घातली नव्हती. थँकफुल गाडी जोडून निघाली आणि पहिली थेट रूफस स्टेबिन्सच्या अंगणात जाऊन थांबली.

‘तुझी दोनशे तोंडं उद्या पहाटे टेकडीवर पाहिजेत,’ ती म्हणाली. ‘आणि आज त्यांना मीठ घालू नकोस.’

रूफसने डोकं खाजवलं. ‘म्हणजे मी येऊन तुझी टेकडी वाचवायची, आणि तुझा कळप माझ्या हातून घालवायचा?’

‘हो.’

‘आत्या, तू माणसाला विचार तरी करू दे.’

‘कर की. गाडीला वंगण घालतेय तोवर कर.’

रूफसने घटकाभर विचार केला. ‘मला तुझा कळप हवाय,’ तो शेवटी म्हणाला, ‘पण असा नको. घोड्याने बूट घालून मिळवून दिलेला तर नकोच नको.’

मंगळवारी पहाटे खोऱ्याच्या चारी बाजूंनी कळप वर चढायला लागले. पाचशेच्या वर मेंढ्या, त्यांची कुत्री, त्यांचे धनी, आणि गोल्फला चार वर्षं वेड्यांचा बाजार म्हणणारे सगळे शेजारी. दुकानदाराने मिठाचं पिंप गाडीवर चढवून दिलं. थँकफुल पुढे, कमरेला पिशवी, आणि तिच्यामागे इम्री बादली घेऊन. तिने त्याला मूठ कशी धरायची ते दाखवलं. बोटं सैल, मनगट सैल, दाणे पावसासारखे पडले पाहिजेत, गारांसारखे नाहीत. त्याच्या पहिल्या मुठीचा ढीग पडला आणि त्यावर सात मेंढ्यांची मारामारी जुंपली.

‘चेंडू मारताना मनगट सैल सोडा म्हणून लोकांवर ओरडता ना,’ थँकफुल म्हणाली. ‘मग सोडा की.’

थेअरसाहेब आठ वाजता आले तेव्हा त्यांच्या मैदानाची जत्रा झाली होती. पण दहा वाजेपर्यंत पहिला पट्टा दिसायला लागला. मीठ जिथे पडलं तिथे मेंढ्या खांद्याला खांदा लावून, मान खाली घालून पुढे सरकत होत्या, आणि त्यांच्या मागे आखूड गवत उलगडत होतं. मीठ नव्हतं तिथे गवत तसंच गुडघाभर उभं राहिलं. साहेब तोंड उघडं टाकून बघत राहिले. थँकफुलने ती संधी साधली.

‘वसंताचं काय ठरलं मग?’ तिने विचारलं.

‘बघू, मिसेस लूमिस. स्पर्धा पार पडू दे.’

‘बघू’ म्हणजे काय ते थँकफुलला पासष्ट वर्षांत कळलं होतं. ती पुढच्या होलकडे वळली. तिच्याकडून काही त्या शब्दामुळे मीठ कमी पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी काम झालं. मग गावातल्या बायका बर्चच्या केरसुण्या घेऊन रांगेने मैदान झाडत गेल्या, आणि नंतर सगळे थँकफुलच्या अंगणात भाजलेले घेवडे आणि मक्याची भाकरी खायला बसले. तरी पाचशे मेंढ्यांनी मागे ठेवलेलं सगळं काही निघालं नव्हतं. गुरुवारी एका बॉस्टनच्या वकिलाचा चेंडू नको तिथेच जाऊन बसला, आणि नियमाची पुस्तकं उघडली गेली. जज्ज पेल्टननी वाकून पाहिलं, सरळ झाले आणि निकाल दिला, की ही वस्तू मैदानाचा भाग नाही, पाहुणी आहे, चेंडू उचलून पुसून घ्या. त्यावर पांढऱ्या झग्यांतल्या बायकाच सगळ्यात मोठ्याने हसल्या.

शनिवारी अंतिम सामना झाला. थँकफुल दगडी कुंपणावर बसून पाहत होती. खेळ तिला कळत नव्हता, पण चेंडू तिच्या वाटेने गेला की बरं वाटायचं आणि दुसरीकडे गेला की राग यायचा. शिकागोचेच ते गृहस्थ जिंकले. पाचव्या होलला डावीकडे वळताना त्यांनी टोपी काढून झाडाला नमस्कार केला. इम्रीने कुंपणाकडे बघायचं टाळलं.

बक्षीस देताना जज्ज पेल्टन म्हणाले की समुद्राच्या अलीकडे आपण एवढं सुरेख गवत पाहिलं नाही, आणि सोमवारच्या जंगलाचं गुरुवारी हे कसं झालं ते आपल्याला कळलेलं नाही. थेअरसाहेब पुढे झाले. समितीची दूरदृष्टी, म्हणाले. मेंढ्या ही तात्पुरती सोय होती, म्हणाले. यंत्राचं नवं पातं निघालंय, कातळ सुरुंग लावून फोडायचं ठरलंय, आणि पुढच्या वसंतापासून सगळं आधुनिक पद्धतीने होईल.

थँकफुल कुंपणावरून उतरली. आता घरी जावं आणि रूफसला निरोप धाडावा, एवढंच तिच्या मनात होतं. पाय मात्र जागचे हलेनात.

तेवढ्यात इम्री गर्दीतून पुढे आला. बोलायची त्याला सवय नव्हती, मान लाल झाली होती.

‘साहेब, यंत्र घ्यायचं तर घ्या,’ तो म्हणाला. ‘पण ते हाकायला माणूसही नवा बघा.’

‘काय बोलताय, इम्री?’

‘हे मैदान मी केलं असं चार वर्षं सगळे म्हणतात, मीही म्हणू दिलं. ते मी केलेलं नाही. ते या बाईंनी केलंय, हातात मीठ घेऊन, मी यायच्या आधी तीस वर्षं. मी फक्त खुंट्या ठोकल्या. मीही या टेकडीचं मीठ खाल्लंय, एवढं तरी बोललंच पाहिजे. मेंढ्या जाणार असतील तर मीही जातो.’

सगळ्या माना थँकफुलकडे वळल्या. चारचौघांत लाज वाटायची तिची ही आयुष्यातली पहिलीच वेळ असावी.

‘कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं,’ ती इम्रीला म्हणाली.

‘तुम्ही सांगायचं नाही असं ठरलं होतं,’ इम्री म्हणाला. ‘माझं काही ठरलं नव्हतं.’

जज्ज पेल्टननी तो भाडेपट्टा मागवून घेतला आणि चष्मा लावून वाचला. ‘थेअर,’ ते म्हणाले, ‘ही अडथळ्याची ओळ मला नीट समजत नाही. या आठवड्यात अडथळा कुणी केला असेल तर तो आपण केला. ही काढून टाका. आणि पुन्हा स्पर्धा हवी असेल तर नऊ होलांनी भागायचं नाही, अठरा लागतील.’

थेअरसाहेबांनी खिशातून पेन्सिल काढली.

‘शाईने,’ थँकफुल म्हणाली.

शाई आणायला माणूस धावला. ओळ खोडली गेली, सह्या झाल्या, आणि रूफस स्टेबिन्सने सगळ्यांदेखत एक मोठा उसासा सोडला. मग त्याने थँकफुलचा हात हातात घेऊन इतक्या जोरात हलवला की तिचा खांदा दोन दिवस दुखत होता. ती त्या रात्री शांत झोपली.

राहता राहिले आणखी नऊ होल. घरालगतच्या वरच्या रानात ते करायचे आणि आखणीसाठी वसंतात बॉस्टनहून कुणी नामांकित माणूस आणायचा, असा समितीने ठराव केला. ऑक्टोबरातल्या पहिल्या शनिवारी, मेपलची पानं लाल झाली होती तेव्हा, थँकफुलने पिशवी कमरेला बांधली आणि इम्रीला हाक मारली.

‘नामांकित माणूस येईपर्यंत जमिनीला काय बोलायचं ते शिकवून ठेवू,’ ती म्हणाली.

दोघं दिवसभर वरच्या रानात फिरले आणि दिवसभर भांडले. इम्रीला ओढ्यावरून एक होल हवा होता, तिला ओढा नको होता. मग तिने तो दिला आणि बदल्यात त्याच्याकडून एक चढ काढून घेतला. मागून मेंढ्या सावकाश येत होत्या. सतरा जागा झाल्या तेव्हा उन्हं उतरायला लागली होती. थँकफुल रानातून खाली आली, भाजीच्या वाफ्याला वळसा घातला आणि थेट आपल्या स्वयंपाकघराच्या पायरीसमोर येऊन उभी राहिली. तिथे तिने मूठ भरून मीठ फेकलं. मग आणखी एक मूठ, आणखी एक, गोल फिरत.

इम्रीने आजूबाजूला पाहिलं. ‘बाई, शेवटचा होल म्हणजे सामन्याचा निकाल इथे लागणार. सगळी गर्दी इथे येणार. इथे ना उतार, ना झाड, ना पाणी. इथे आहे काय?’

‘इथे मी आहे,’ थँकफुल म्हणाली, आणि पिशवी उलटी करून झटकली.